जावयाचं नोझल

नाही हो, ते पिशवीतच राहू द्या. हात जोडतो तुम्हाला, बाहेर काढू नका. बर्नरचं नोझलच आहे ना? — दारातनं ओरडलात तेव्हाच ऐकलं मी, नोझल दाखवायचंय म्हणून — मग झालं तर. मला नोझल बघायचं नाही, आणि करायचं तर त्याहून नाही. बाहेरची पाटी वाचलीत? काय लिहिलंय? लेथची कामं. शाफ्ट, बुश, पुली, पंपाची स्लीव्ह — माणसाच्या उपयोगाची कामं. नोझल कुठे दिसलं त्यात? नाही ना? मग तुम्हाला पाठवलं कोणी? — नका सांगू, माहीत आहे. कोपऱ्यावरचा वेल्डर. त्याला एखादं काम जमणारं नसलं की गिऱ्हाईक माझ्या गळ्यात मारतो, वर म्हणतो म्हातारबुवा करतील. म्हातारबुवा करणार नाहीत. पण आलात तर बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय हलतो. या खोक्यावर बसा. पँट चांगली दिसते, खाली कागद घ्या, इथे सगळीकडे तेल असतं.

तेलाची मला घाण वाटत नाही हं. लोखंडाचा किस, गंज, कूलंटचा वास — उभा जन्म त्यात गेला, कधी नाक मुरडलं नाही. किळस येते ती या घरगुती भट्ट्यांची. रागावू नका, तुम्ही नवखे दिसता म्हणून सांगतो. हे एक नवीनच खूळ निघालंय. घरात खिळा ठोकायचा तर बायको शेजाऱ्याला हाक मारते, आणि हे महाशय मोबाइलवर चार व्हिडिओ बघून लोहार होतात. जुनं सिलिंडर आणायचं, कापायचं, आत ती न जळणारी पांढरी लोकर कोंबायची, भोक पाडून बर्नर खुपसायचा — झाली भट्टी! मग दाढी वाढवायची. दाढीशिवाय लोखंड तापत नाही म्हणे. मग चामड्याचा एप्रन. मग करायचं काय? तर तलवार. अरे, तलवारीनं तू करणार काय, दुधी चिरणार? एक जण आला गॅल्व्हनाइज्ड पाइप घेऊन. म्हटलं, बाबा, हा तापला की वरचं जस्त जळणार, तो पांढरा धूर छातीत गेला की हुडहुडी भरून ताप येईल. तर मला म्हणतो, काका, व्हिडिओत हाच आहे. दुसरा पितळी नळ घेऊन आला. घरातला, चालू नळ, सोडवून! बायको तिकडे बादली घेऊन उभी असेल. शी! आठवलं तरी मळमळतं. लोखंडात हात घालायचा तर थोडी चाड हवी की नको माणसाला? नसेल तर घरी बसावं, फुलझाडं लावावीत.

हाताला काय झालं? — पट्टी केवढी बांधलीय म्हणून विचारतो. गाडीवरनं पडलात? तो पुढचा रस्ता खोदून ठेवलाय, रोज कोणी ना कोणी आपटतं तिथे. — बरं, बरं, सांगा सावकाश, आधी चहा घ्या. डाव्या हातानं धरता येईल ना? थर्मासमधला आहे, पण गरम असेल. साखर जरा जास्त वाटेल. मला चालत नाही खरं तर, डॉक्टरांनी बंद करायला सांगितलीय, पण जावयाला गोड लागतो, तेव्हापासून हाताला तेच माप बसलंय. जावई म्हणजे — तेच तर सांगतो आता. लोकांना कशाला नावं ठेवू, हे खूळ आमच्याच घरात शिरलंय.

आमचा जावई. काय? ओळखता? — तुम्ही कुठून ओळखणार, मधे बोलू नका हो, माझा धागा तुटतो. औषधाच्या कंपनीत आहे, मालाची आवकजावक बघतो. खुर्ची, पंखा, संगणक. हात असे मऊ की हातात घेतला तर कणीक धरल्यासारखं वाटतं. या माणसाला मागच्या उन्हाळ्यात साक्षात्कार झाला की आपण सुऱ्या घडवायच्या. स्वयंपाकाच्या, शिकारीच्या, कसल्या कसल्या. तेवढ्यावर थांबला असता तर म्हटलं असतं चला, कोणी पत्ते खेळतो, हा सुऱ्या करतो. पण नाही. सगळे जेवायला बसलो होतो आणि यानं जाहीर केलं — ज्या दिवशी माझ्या भट्टीत लोखंड पिवळंधमक होईल आणि तसंच टिकेल, त्या दिवशी मी राजीनामा देणार. मी हातातला घास परत ताटात ठेवला. अहो, मी मुलगी दिली ती खुर्ची बघून दिली, सुऱ्या बघून नाही! मुलगा असता तर कानाखाली आवाज काढला असता. पण जावई! जावयाला काय बोलता? त्याला खुर्ची पुढे करायची, घ्या की अजून थोडं म्हणायचं आणि ओठ शिवून बसायचं.

आणि भट्टीचं घोडं अडलं की येणार कुठे? माझ्याकडे! रविवारी सकाळी दारात उभा, हातात पाइप. बाबा, बर्नर पेटतो पण आग टिकत नाही, याला पुढे नोझल लागतं म्हणे, तोंड फाकवलेलं — द्याल का करून? मला तर बघूनच वीट आला. पण समजावलं. म्हटलं, बघा, पाइपातून गॅस आणि हवा सुसाट येते. चालत्या गाडीतून माणूस उतरायला गेला तर आपटणारच, गाडी मंदावली तर पायरीवर नीट उभा राहील. तसं आहे हे. नोझलचं तोंड आतून अगदी हळूहळू मोठं होत जायला हवं, डोळ्याला कळेल न कळेल असं. मग वेग मंदावतो आणि आग तोंडाशी बसते. सरळ ठेवलंत तर आग तोंड सोडून पुढे पळते नि विझते. एकदम फाकवलंत तरी तेच, ठसके देत देत विझते. सगळी करामत त्या उतारात आहे. स्टेनलेसचा तुकडा लेथच्या चकात धरायचा, टूल बसवतात तो कंपाउंड किंचित तिरपा करायचा, टूल हातानं हळूहळू आत न्यायचं — घाई करणाऱ्याचं काम नाही ते. हा तोंडाचा आ करून ऐकतोय. लोकांना सिनेमा बघताना पाहिलंय मी तसं ऐकताना. म्हटलं, पुढच्या रविवारी या, करून ठेवतो.

आणि करणार होतो हो. चांगलंच करणार होतो. मला वाईट काम करताच येत नाही, हात वळत नाही तसा. पण मधेच मुलगी आली. एकटी. चप्पल न काढता इथे लेथपाशी येऊन उभी राहिली, म्हणाली, बाबा, ती भट्टी पेटू देऊ नका. राजीनामा लिहून खिशात घेऊन फिरतोय तो. आत्ता कुठे आमचं बस्तान बसतंय, तुम्हीच काहीतरी करा. आणि रडायला लागली. तिची आई गेल्यापासून माझ्यासमोर कधी रडली नव्हती. आता तुम्ही सांगा, बापानं काय करायचं? जावयाला नाही म्हणता येत नाही, मुलीला हो म्हणावं लागतं. मी डोकं चालवलं. नोझल केलं. बाहेरून असं केलं की बघत राहावं — सुरेख कर्णा, आरशासारखं पॉलिश, स्वतःचं तोंड बघून घ्या. आणि आतून? आतून सरळ नळी! अगदी शेवटाला, टोकाशी, एकदम फाकवून दिलं, म्हणजे समोरून बघणाऱ्याला वाटावं वा, काय उतार आहे! आत उतार नाहीच. आहे की नाही गंमत? हसा, हसा, मीही हसलो होतो. लोक काम बिघडलं की लपवतात, मी बिघडवायला अख्खी दुपार घालवली.

मग काय, सुरू झाला तमाशा. हा नोझल घेऊन गेला, आठवड्यानं परत. बाबा, आग बसत नाही, माझ्या जेटचं, गॅस सुटतो त्या बारीक भोकाचं, काहीतरी चुकतंय. जेट बदलला. बाबा, रेग्युलेटर बरोबर नसावा. तो बदलला. मग सिलिंडर, मग लोकर, मग म्हणे अंगणात वारा फार येतो. वारा! त्यानं वाऱ्यावर संशय घेतला, पण नोझलवर नाही. इतका भोळा माणूस असतो? मला तर त्या भोळेपणाचीच शिसारी यायला लागली. समोर बसून मान डोलावतोय, नोझल हातात फिरवतोय, त्याचे फोटो काढतोय, म्हणतोय, बाबा, असं काम आता कोण करतं? मी म्हणायचो, कोणी नाही. खोटं होतं का ते? असं काम खरंच कोणी करत नाही. मग मी नवीन करून द्यायचो, जरा लांब, जरा आखूड, आतून तेच. फक्त एक गोष्ट पक्की शिकवली त्याला — आग विझली की आधी गॅसचा कॉक बंद. आत वाकायचं नाही, लायटर न्यायचा नाही, आधी कॉक, मग दार उघडं ठेवून बाजूला उभं राहायचं, आत साठलेला गॅस जाऊ द्यायचा. तेवढं घोटून घेतलं. खूळ जाऊ दे, माणूस जाता कामा नये. शेवटी जावई आहे.

रविवारी काय करतो म्हणजे? — इथेच असतो की. तो येतो ना. आधी म्हणजे कसं होतं, मुलगी नि तो दोघं यायची, तो त्या कोपऱ्यात मोबाइलमध्ये मान घालून बसायचा, मी पेपरात. काय म्हणता, ठीक. तब्येत, ठीक. संपलं. आता सकाळी येतो तो दुपार कलली तरी हलत नाही. लेथ पुसतो. कपडे खराब होतील म्हटलं तर जुना शर्ट घेऊन यायला लागला, तो बघा, खिळ्याला आहे. टूलला धार लावायला शिकला, बरी लावतो, हात मऊ असला तरी थरथरत नाही. मागे एकदा मापानं बुश काढला त्यानं, पहिल्याच फटक्यात. मी काही बोललो नाही, नाहीतर डोक्यावर बसायचा. एप्रन मात्र इथे घालायचा नाही हे बजावून ठेवलंय. ते सोंग मला खपत नाही.

मुलगी? तिचं काय आता. तिचं काही नाही. — नाही, म्हणजे तिचा मागे फोन आला होता. म्हणाली, बाबा, पुरे आता, पेटू द्या ती भट्टी. म्हणे त्याचा चेहरा बघवत नाही, रात्री झोपेत पण जेट जेट करतो. म्हणे नोकरीचं आम्ही बोललोय, तो सोडणार नाही इतक्यात, पेटली की सुट्टीच्या दिवशी करेल काय करायचं ते. मी म्हटलं बरं. — मग? मग पुढच्या रविवारी तो आला, मी नोझल दिलं. — तसलंच. का म्हणजे? सवय. हाताला सवय झाली. शिवाय पेटली असती तर बसला असता आपल्या अंगणात ठोकत, इकडे कशाला — नोकरी म्हणतोय मी, नोकरी सुटली असती ना त्याची! मुलीला काय कळतं, आज म्हणतो सोडणार नाही, उद्या सोडली तर? बापाला पुढचं बघावं लागतं. चहा प्या ना, गार होतोय. असे काय बघताय माझ्याकडे?

सारखे त्या पिशवीशी चाळा करताय मघापासून. द्या इकडे, एका हातानं ती गाठ सुटायची नाही. गाठ कसली मारलीय! द्या, बघून टाकतो एकदाचं, म्हणजे तुमच्याही जिवाला शांती. कोण्या गाढवानं केलंय ते तरी कळू दे. आत कापडात पण गुंडाळलंय? वा! दागिना आहे काय —

हे कुठून आणलंत?

नाही, विचारतो. हे तुमच्याकडे कसं? — तुमच्या ऑफिसात आहे तो. शेजारच्या टेबलावर बसतो. म्हणजे तुम्ही — मग मघाशी सांगता येत नव्हतं? मी बोलू देत नव्हतो म्हणजे? एवढा वेळ बसून ऐकत राहिलात! लाज नाही वाटली, म्हाताऱ्याला बडबडू दिलंत? ठेवा तो कप खाली. — नाही, नाही, प्या. प्या तुम्ही. हे त्यानं तुम्हाला विकलं? नुसतंच दिलं. का दिलं?

परत सांगा. — माझी भट्टी भिकार आहे, तुझी चांगली बांधलीयस, तुझ्यात हे लाव. सासऱ्यांच्या हातचं आहे. निदान एकाची तरी पेटू दे. असं म्हणाला. सासऱ्यांच्या हातचं आहे म्हणाला.

आणि विझली. विझणारच. फुसफुस आवाज येत होता, तुम्हाला वाटलं आग कमी झाली, म्हणून वाकून लायटर — अहो पण कॉक! आधी कॉक बंद करायचा ना! त्यानं सांगितलं नाही तुम्हाला? मी इतकं घोटून घेतलंय त्याच्याकडून, तो विसरणारा नाही — सांगितलं नाही. का सांगेल? चांगल्या भट्टीत हे नोझल विझेल असं त्याच्या मनातच आलं नसणार. हात कितीसा भाजलाय — नको. सोडू नका पट्टी. मला बघायचा नाही. बोटं हलतात? दोन हलत नाहीत. अजून सांगता येत नाही म्हणाले डॉक्टर. बरं.

तो काय म्हणाला? दवाखान्यात होता का तो? — रात्रभर बसला होता. आणि काय म्हणाला? — माझंच चुकलं. मी तुला नीट दाखवायला हवं होतं, जोडताना माझ्याकडून काही राहिलं असेल, नोझलमधे खोट असणं शक्य नाही. एकदा बाबांना दाखव, ते सांगतील मी काय चुकलो. शी! शी, शी. मी चुकलो म्हणाला? तोंडानं असं म्हणाला? आणि तुम्ही तसेच पट्टी बांधून माझ्या दारात. कसली माणसं आहात तुम्ही दोघं! मला ओकारी येतेय. खिडकी उघडा ती. राहू द्या, मी उघडतो.

मग तो स्वतः का नाही आला? पाठवलं कशाला तुम्हाला? रविवारी येणारच होता की, तेव्हा — काय? भट्टी मोडली? कधी? सगळीच? सिलिंडर कापलेलं ते पण? लोकर, जेट, सगळं भंगारात. कोणाला विचारून? मला विचारायचं होतं! — हात माझे त्या कामाचे नाहीत म्हणाला. कोण म्हणतं? मी म्हटलं का कधी? पहिल्या फटक्यात बुश काढलाय त्यानं, तो काय बुश नव्हता? बाबांचा रविवार उगाच फुकट घालवत होतो. असं म्हणाला. बाबांचा रविवार.

चला. उठा आता. मला काम आहे. बघताय ना, शाफ्ट चढवलाय, तुमच्याशी बोलत बसून माझी सकाळ गेली. भरून काय देणार मी तुमचं, माझ्याजवळ काय आहे? हा लेथ आहे. — नाही, नवीन करून देणार नाही. आता नाही करत मी नोझल. हे? हे इथेच ठेवा. नाही. थांबा. घेऊन जा हे, त्याच्या टेबलावर ठेवा. मी काय बोललो ते एक अक्षर सांगू नका, तुम्हाला शपथ आहे. फक्त म्हणा, बाबांनी आत बोट घालून बघायला सांगितलंय. घातलं की कळेल त्याला. आता कळतं त्याला तेवढं, मीच शिकवलंय.

गुंडाळा ते. जा म्हटलं ना, जा.